आइस्क्रीममधलं ४१२ म्हणजे आपली गवारीच

उन्हाळा लागला की सांगलीतल्या आमच्या फॅमिली ग्रुपवर तो मेसेज फिरतोच, आइस्क्रीमच्या डब्यावर ४१२ लिहिलं असेल तर पोरांना देऊ नका, त्यात गम असतो, आतडी चिकटतात वगैरे. अहो, ४१२ हा ग्वार गमचा नंबर, पदार्थाला दाटपणा आणणारी ती पूड आहे! कूट घालून भाजी करतो तीच गवारी, फक्त वाळलेल्या शेंगांतलं बी घेऊन टरफल नि कोंब काढतात आणि राहिलेलं दळतात. पीक मुख्यतः राजस्थानात, जगाला बहुतेक माल भारतातूनच जातो.

युरोपच्या एफ्सा या अन्नसुरक्षा संस्थेनं २०१७ मध्ये हे परत तपासलं, सर्वसाधारण माणसाला धोका नाही आणि रोज किती खावं याचा आकडा ठरवायचीही गरज नाही म्हणाले, फक्त लहान बाळांच्या खास आहाराबद्दल पुरेशी माहिती नाही असंही सांगितलं. जास्त झालं तर पोट फुगतं, ते काय गवारीच्या भाजीनंही फुगतंच.

खरी भानगड दुसरीकडेच आहे. अमेरिकेत कॅल-बॅन ३००० नावाच्या वजन कमी करायच्या गोळ्या होत्या, त्यात हाच गम, पाणी लागलं की फुगायचा आणि लोकांच्या अन्ननलिकेत अडकायचा, १९९० च्या सुमारास तिथल्या एफडीए या अन्न-औषध खात्यानं त्या बंद पाडल्या. म्हणजे वजनासाठी कोरडी पूड गिळायच्या फंदात पडू नका.

दुसरं भेसळीचं. २००७ मध्ये भारतातून युरोपात गेलेल्या ग्वार गममध्ये डायॉक्सिन हे विषारी रसायन आणि पीसीपी सापडलं, पीसीपी म्हणजे लाकूड टिकवायला वापरतात ते केमिकल. मग युरोपनं नियमच केला की मालासोबत लॅबचा रिपोर्ट पाहिजे, पीसीपी किलोला ०.०१ मिलिग्रॅमच्या वर नको. गवारीचा यात काय दोष?

हीच पूड कापडछपाईत आणि तेलविहिरींतही जाते, त्यामुळं खायच्या ग्रेडची आहे का ते बघाच. ग्लुटेन-फ्री, म्हणजे गव्हातलं चिकट प्रथिन नसलेला ब्रेड बांधून ठेवायला ही पूड लागते, त्यासाठी (घरात ज्वारीची भाकरी असताना हा हट्ट कशाला ते सोडा) सुटी, बिनलेबलची पुडी मी तरी घेत नाही, एफएसएसएआय या आपल्या अन्नसुरक्षा खात्याचा १४ आकडी परवाना नंबर असलेलंच पाकीट घेते. पाकिटबंद पदार्थावर स्टॅबिलायझर (पदार्थ एकजीव ठेवणारा घटक) म्हणून नाव नाहीतर नंबर द्यावाच लागतो, पण किती टाकलंय ते लिहायची सक्ती नाही, आणि हे मला अजिबात पटत नाही.