गाडग्यातला गारवा

पाठ्यपुस्तकातले गांडूळ आमच्या मामांच्या बोलण्यात कायम काडूच राहिले. पंचगंगेवर गळ टाकायला निघालेल्या माणसाची गरी आणि दोरी ते कधी पाहत नसत. आमिषाच्या काडवांच्या गाडग्यावरचे ओले गोणपाट उचलून आत डोकावत आणि मगच हा काही धरील की नाही ते ठरवत.

मी पहिल्यांदा एकटा राजाराम बंधाऱ्यावर गेलो, तेव्हा आदल्या संध्याकाळी उकिरड्याच्या कडेने खणून काढलेले 50 काडू श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात घालून, सांडू नयेत म्हणून घट्ट झाकण लावून, स्कूटरच्या डिकीत ठेवले होते. एप्रिलचे ऊन होते आणि वाटेत मिसळीसाठी थांबणे झाले होते (कोल्हापुरात ते टाळता येत नाही). बंधाऱ्यावर झाकण उघडले आणि शेजारी बसलेले आजोबा काही न बोलता आपले सामान उचलून वाऱ्याच्या वरच्या बाजूला जाऊन बसले.

गांडुळाला फुप्फुसे नसतात. ते ओलसर त्वचेतूनच श्वास घेते. त्वचा सुकली की ते गुदमरते, आणि माती पाण्याने गच्च भरली तरी हवेवाचून तीच गत होते. त्यात एखादे मेले तर ते कुजताना सोबतच्यांनाही घेऊन जाते. म्हणून मामांचे खापराचे गाडगे. त्याच्या अंगातून पाणी पाझरते, वाऱ्याने उडते आणि आतली माती माठातल्या पाण्यासारखी गार राहते. आत भुसभुशीत माती, थोडे जुने, मुरलेले शेणखत आणि वर गोणपाट. ताजे शेण तापते, म्हणून ते वर्ज्य. ओल किती, तर मूठभर माती दाबल्यावर बोटांतून जेमतेम एखादा थेंब यावा. नळाचे पाणी मी रात्रभर उघडे ठेवून मगच शिंपडतो, कारण त्यातले क्लोरीन या उघड्या अंगाला सोसत नाही.

फ्रिजचा सल्लाही मी एका व्हिडिओत ऐकला होता. तो थंड प्रदेशातल्या जाड गांडुळांसाठी ठीक असेल. गांडूळखताच्या वाफ्यातली आपल्याकडची आफ्रिकन जात तेवढ्या गारठ्यात मरते. शिवाय कोथिंबिरीच्या शेजारी ते गाडगे ठेवण्याचा विषय घरात काढण्याइतका मी शूर नाही.

आता पहाटे निघण्याआधी मी गोणपाट उचलून आत बॅटरीचा उजेड टाकतो. काडवांना डोळे नसले तरी उजेड कळतो. धडधाकट असलेले झरझर मातीत शिरतात आणि जो तसाच लोळत पडतो, तो मी काढून टाकतो. गेल्या रविवारी 50 पैकी एकच काढावा लागला. चिलापी माशाने 6 काडू गरीवरून अलगद सोडवून नेले, वांब मासळी तर फिरकलीही नाही, आणि उरलेले 43 माझ्याबरोबर टवटवीत घरी परतले.