आप्पांच्या मारुतीचा निळा धूर

अमळनेरला माझं गॅरेज आहे, २० वर्षं होतील. गेल्या महिन्यात पारोळ्याकडच्या खेड्यातले आप्पा त्यांची २००६ ची मारुती ८०० घेऊन आले, ती काही डोक्यातून जात नाहीये.

"भाऊ, हाई गाडी इतला धूर काबर मारस?"

४०० किलोमीटरला लिटरभर ऑइल पीत होती, पिकअप नाही, सकाळी स्टार्टर मारून मारून बॅटरी उतरायची. एका गॅरेजवाल्याने हेड उतरवून वॉल्व्ह सील (वॉल्व्हजवळून ऑइल खाली झिरपू न देणारे रबर) टाकले, पैसे घेतले, धूर तसाच. अरे सील गेले असतील तर रात्रभर उभी गाडी सकाळी चालू केली की भपकन धूर येतो आणि थांबतो, नाहीतर उतारावर पाय काढून परत रेस दिली की येतो. मी मोटरसायकल घेऊन हिच्या मागे गेलो, लोड आला की सतत निळा धूर, म्हणजे ऑइल जळतंय पण दोष सीलचा नाही. पाच मिनिटांचं काम आहे हे, पण आधी पार्ट टाकायचे आणि मग बघायचं अशी सवय लागलीये सगळ्यांना, त्याचा मला फार राग येतो.

इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण उघडलं तर भात्यासारखे वाफारे, म्हणजे जळलेला गॅस पिस्टनच्या बाजूने खाली येतोय. मग कॉम्प्रेशन (पिस्टन हवा किती दाबतो ते) मोजायला तिन्ही प्लग काढले, पेट्रोल आणि करंट बंद, पोराला सांगितलं अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धर (हे न करता गेज लावणारे खूप आहेत, हवा आत जातच नाही आणि रीडिंग उगाच कमी येतं). १०५, ९५, १०० पीएसआय. या इंजिनाला १५० च्या पुढे पाहिजे. तिन्ही सारखेच कमी म्हणून आधी टायमिंग बेल्ट एखादा दात सरकलाय का ते बघितलं, मार्क बरोबर होते. मग प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून परत गेज लावला तर तिन्ही १४५ च्या वर. वॉल्व्ह गळत असता तर ऑइलने एवढा फरक पडला नसता. पिस्टनभोवतीच्या रिंगा गेल्या होत्या, ऑइलने त्यांची फट तेवढ्यापुरती बुजली.

इंजिन खोललं. बोअरच्या (सिलिंडरच्या आतल्या भिंतीच्या) वरच्या टोकाला नख अडकेल एवढी कड, ऑइल धरून ठेवणाऱ्या होनिंगच्या तिरप्या रेषा पार पुसलेल्या, आरशासारखं गुळगुळीत. वरची रिंग बोअरमध्ये ठेवून फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घातला, रिंगेच्या टोकांमधली गॅप १.१ एमएम. नवीन रिंगेला याच्या पाव-तिसरा हिस्सा असतो. ऑइल रिंगही पार घासलेली. आता नुसत्या रिंगा टाकून भागवा म्हणणारे भेटतात, पण असल्या घासलेल्या बोअरमध्ये नवीन रिंग बसतच नाही, सहा महिन्यांत गाडी परत दारात.

पण लाखभर किलोमीटरला एवढं घासलं कशाने? ते मला सुचेना म्हणून एअर फिल्टरच्या पुढच्या, इंजिनाकडे जाणाऱ्या रबरी पाइपात बोट घातलं, बोटाला काळ्या मातीची मऊ पूड. आप्पांचा रोजचा रस्ता शिवारातला, कापसाच्या ट्रॅक्टरमागे चालायचं, आमच्याकडची धूळ तर सगळ्यांना माहितीये. फिल्टर काढून उजेडात धरला, घड्यांमधून तीन ठिकाणी आरपार उजेड. कागद हवेच्या प्रेशरने फाटलेला, आणि कडेवर मार्करने किलोमीटर लिहिलेलं.

अक्षर माझं होतं.

दोन वर्षांपूर्वीपर्यंत सर्व्हिसिंग माझ्याकडेच व्हायची. आप्पा म्हणायचे नवीन नको, साफ करून दे, आणि मी कंप्रेसरची नळी जवळ धरून धूळ उडवायचो, फुकट करून देतोय याचंच समाधान. फाटला तो माझ्या हवेने का नंतर कुणाच्या, ते आता सांगता येणार नाही. पण नको म्हणायला पाहिजे होतं ते मीच.

धुळ्याहून अर्धा एमएम ओव्हरसाइजला बोअर करून आणला, नवीन पिस्टन-रिंगा घालून इंजिन बांधलं. आप्पांना फाटका फिल्टर दाखवला तर ते बघतच राहिले, "दोनशे रुप्याना फिल्टरनी इंजिन खादं का भाऊ?" मी हो म्हणलो, कडेवरचा आकडा नाही दाखवला. मजुरी निम्मी घेतली. त्यांना वाटलं मी मोठ्या मनाने सोडली, परवा भरताची वांगी पिशवीभर देऊन गेले.

गाडी आता धूर मारत नाही. १००० किलोमीटर झाले की ऑइल बदलायला येतील, तो फिल्टर मी टेबलाच्या खणात ठेवलाय, तेव्हा त्यांच्या हातात देणार आहे.