हलकं चाक घेताना: आधी टायर-ट्यूब, मग रिम, स्पोकला शेवटी हात लावा

रोड बाइकची चाकं बदलायचं मनात आलं की आपण आधी जाहिरातीतला ग्रॅमचा आकडा बघतो. सायकलीसोबत आलेल्या चाकांची जोडी साधारण १९०० ते २२०० ग्रॅमची असते, बऱ्यापैकी हलकी अॅल्युमिनियमची जोडी १५०० ते १६५० ची आणि कार्बनची त्याहून थोडी खाली. आकडा हवाच. पण परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढणाऱ्याला किंवा वर्धा-यवतमाळकडच्या ग्रामसडकांवर रोज पन्नास किलोमीटर काढणाऱ्याला दोन गोष्टी आणखी विचाराव्या लागतात. हे वजन चाकाच्या कोणत्या भागातून गेलंय? आणि तो भाग गावापासून पंधरा किलोमीटरवर तुटला तर पुढे काय?

हलक्या चाकाने नेमका किती फरक पडतो, ते आधी बघू. माणूस, सायकल, पाण्याच्या बाटल्या मिळून ८५ किलो धरा. चाकांमधून ४०० ग्रॅम गेले तर एकूण वजन अर्ध्या टक्क्याहूनही कमी घटतं. तासाभराच्या चढावर त्याने १५ ते २० सेकंद वाचतात. वेग वाढवताना रिम-टायरवरचा ग्रॅम जवळजवळ दुप्पट मोजावा लागतो, कारण तो पुढेही जातो आणि फिरतोही. हब म्हणजे चाकाचा मधला, आसावरचा भाग. तिथल्या ग्रॅमचं तसं नाही, तो मधोमध असतो. म्हणून हबमध्ये १०० ग्रॅम वाचवून दुप्पट पैसे मोजण्यात अर्थ नाही. सपाट रस्त्यावर एका वेगाने चालताना वजनाचा फरक जवळपास कळतच नाही, तिथे वारा कापणं महत्त्वाचं. हलकं चाक खरं जाणवतं ते घाटात आणि दर गतिरोधकानंतर पुन्हा वेग घेताना, आणि आपल्याकडे गावागणिक तीन गतिरोधक असतात.

सगळ्यात स्वस्त वजन टायर-ट्यूबमध्ये दडलेलं असतं. तारेच्या कडेचा साधा २५ मिलिमीटरचा टायर ३००-३५० ग्रॅमचा आणि साधी ट्यूब १०० ते ११० ची. घडी होणारा चांगला टायर २२०-२५० मध्ये येतो, पातळ ब्युटिल (नेहमीच्या काळ्या रबराची) ट्यूब ७०-७५ मध्ये. दोन्ही चाकं मिळून पाव किलोच्या आसपास वजन जातं, तेही अगदी बाहेरच्या कडेवरून, आणि चाक बदलायच्या कितीतरी कमी खर्चात. टीपीयूची (लवचिक प्लास्टिकची) ट्यूब तर ३०-४० ग्रॅमचीच असते. मात्र गावातल्या पंक्चरवाल्याचं रबर सोल्यूशन तिला धरत नाही आणि गरम ठिगळाने ती वितळते. तिला तिचंच चिकटणारं ठिगळ लागतं. म्हणून टीपीयू चाकात घातली तरी सीटखालच्या पिशवीत एक साधी ब्युटिल ट्यूब असू द्या. प्रेस्टा (रोड बाइकच्या बारीक) वॉल्ववर बसणारी पितळी टोपीही ठेवा. ती असली की मोटारसायकलच्या दुकानातली हवा चालते.

आपल्या भागात काटा टाळता येत नाही. धुऱ्यावरच्या बाभळी, कुंपणाला वाहून नेलेल्या फांद्या, पावसाळा सरला की वाळून पडलेले सराटे, सगळं शेवटी रस्त्यावरच येतं. पांदणीवरून रोज जाणं असेल तर ट्यूबलेस सरस. २८ मिलिमीटरच्या टायरला ३० ते ४० मिलिलिटर सीलंट (आत ओतायचं, भोक बुजवणारं द्रव) पुरतं. उन्हाळ्यात मात्र ते लवकर वाळतं, म्हणून डब्यावर काहीही लिहिलेलं असो, मार्च ते जून दर महिन्याला वॉल्वचा गाभा काढून आत काडी घालून बघा. काडी कोरडी आली की सीलंट संपलं.

उन्हाचा आणखी एक हिशेब आहे. सकाळी २५ अंशांत ८० पीएसआय भरलं आणि दुपारी उन्हात उभ्या सायकलीचा टायर ६० अंशांपर्यंत तापला, तर आतला दाब ९० च्या वर जातो. ७५ किलोच्या माणसाने २८ च्या टायरमध्ये ७० ते ८० भरावं आणि सायकल सावलीत लावावी.

आता रिम. ४२० ते ४७० ग्रॅमची अॅल्युमिनियम रिम हा योग्य मेळ. ४०० च्या खालच्या रिमची भिंत पातळ असते आणि काळ्या मातीवरचे रस्ते तिला टिकू देत नाहीत. ही माती पावसात फुगते, उन्हात आकसून भेगाळते, वरचं डांबर कडेने तुटतं आणि बोटभर खोल धारदार काठ तयार होतो. त्यावर ९० पीएसआयचं २३ चं टायर आपटलं की रिमला चेप बसलाच. आतली रुंदी १९ ते २१ मिलिमीटर घ्या, म्हणजे २८ चा टायर नीट बसतो. पण घेण्याआधी फ्रेममधली जागा मोजा, कारण रुंद रिमवर २८ चा टायर २९-३० भरतो. दोन्ही बाजूंना ४ मिलिमीटर तरी मोकळे हवेत, नाहीतर पावसाळ्यात चिखल अडकून चाकच थांबतं.

हुकलेस रिम (टायर अडकवायची आतली कड नसलेली) आमच्या मते खेड्यात नकोच. तिला ठरावीक ट्यूबलेस टायरच चालतो आणि दाब ७२.५ पीएसआयच्या वर नेता येत नाही. अडचणीला हाताशी आलेला कोणताही टायर तिच्यावर चढवला तर तो सुटून उडू शकतो. रिम ब्रेक असेल तर मुरमाची धूळ ब्रेक रबरात रुतून रिमची भिंत घासते. भिंतीवरची झिजेची खूण दिसेनाशी झाली की रिम बदलायची. रिम ब्रेकला कार्बन रिम घेऊन घाट उतरणं तर नकोच. ब्रेकची उष्णता कार्बनमधून निघून जात नाही, त्यात हवा ४५ अंशांची.

सगळ्यात जास्त चूक होते ती स्पोकमध्ये. हलकं म्हणून लोक पुढे २० आणि मागे २४ स्पोकचं चाक उचलतात. हिशेब मांडून बघा. मधे बारीक केलेला २.०-१.८-२.० चा स्पोक सुमारे ६ ग्रॅमचा, पितळी निप्पल (स्पोक रिमला आवळणारं छोटं नट) १ ग्रॅमचं. २४-२८ वरून २०-२४ वर आलात तर ८ स्पोक गेले, म्हणजे ५६ ग्रॅम. टपरीवरच्या एका कटिंग चहाएवढं वजन! त्या बदल्यात एक स्पोक तुटला की रिम इतकी आउट (वाकडी) जाते की ब्रेकला किंवा फ्रेमला घासून चाक फिरतच नाही. २८ किंवा ३२ स्पोकच्या चाकात एक तुटला तर ब्रेकची कळ उघडून हळूहळू घरी पोचता येतं. ८५ किलोच्या वरच्या माणसाने मागे २८ च्या खाली जाऊच नये. चाकावर कंपनीने दिलेली वजनाची मर्यादाही वाचा, आणि ती नुसत्या माणसाची आहे की सायकलीसकट, तेही पाहा.

स्पोकमध्ये वजन वाचवायचंच तर जाडी बदला. सरळ २.० चा स्पोक ७ ग्रॅमचा असतो. त्याऐवजी मधे बारीक केलेला घेतला तर ५२ स्पोकमध्ये ५० ग्रॅमच्या आसपास जातात, आणि चाक उलट जास्त टिकतं. बारीक भाग रबरासारखा ताणला जातो, त्यामुळे धक्का स्पोकच्या मानेपर्यंत (हबमध्ये अडकणाऱ्या वाकड्या टोकापर्यंत) कमी पोचतो. स्पोक तुटतो तो बहुतेक मानेशीच, आणि ढिलेपणाने. मागच्या चाकात उजवीकडचा ताण ११० ते १२० किलो असला तर डावीकडचा त्याच्या जेमतेम निम्मा असतो. चाक कमी ताणलेलं असेल तर प्रत्येक खड्ड्यात डावे स्पोक सैल होऊन पुन्हा ताणले जातात आणि वाकून वाकून एक दिवस मान सोडतात. निप्पल पितळीच घ्या. अॅल्युमिनियमचं निप्पल ३०-३५ ग्रॅम वाचवतं खरं, पण घाम, पाऊस आणि सीलंटने आतून गंजतं, आणि चावी लावली की गोल होऊन जातं.

स्पोक मान वाकलेलाच हवा. गावच्या दुकानातले स्पोक २८ इंची साध्या सायकलीचे असतात, ते आपल्या चाकाला लांब पडतात. म्हणून चाक घेतानाच तिन्ही लांबींचे (पुढचा, मागचा डावा, मागचा उजवा) दोन-दोन जादा मागून घ्या आणि फ्रेमच्या मागच्या डाव्या दांडीला चिकटपट्टीने बांधून टाका. उजवा स्पोक बदलायला कॅसेट (मागच्या दातेरी चकत्यांचा संच) काढावी लागते आणि तिचा पाना खेड्यात मिळत नाही. लांबच्या फेरीला केव्हलरच्या दोरीचा तात्पुरता स्पोक सोबत असला तर कॅसेट न काढताही काम भागतं. दोरीही नसेल तर तुटलेल्या स्पोकच्या दोन्ही शेजारचे विरुद्ध बाजूचे स्पोक अर्धा-अर्धा फेरा ढिले करा. रिम बरीच मधे येते.

हबबद्दल थोडक्यात. छर्रे-कोनवाला हब हलका नसला तरी कुठलाही जुना मिस्त्री तो उघडतो. मागे बहुधा प्रत्येक बाजूला पाव इंची ९ छर्रे लागतात. सीलबंद बेअरिंगचा हब घेतला तर बेअरिंगवरचा क्रमांक, उदाहरणार्थ ६९०२-२आरएस, लिहून ठेवा. हे क्रमांक जगभर एकच असतात, त्यामुळे तालुक्याच्या बेअरिंगच्या दुकानातही विचारता येतं. बसण्याची मापं रिम ब्रेकला पुढे १०० आणि मागे १३० मिलिमीटर, डिस्कला १२×१०० आणि १२×१४२ (पहिला आकडा आसाची जाडी). जुनी १० स्पीड कॅसेट ११ स्पीडच्या बॉडीवर (हबच्या ज्या भागावर कॅसेट चढते तिथे) १.८५ मिलिमीटरची चकती घालून बसते; कॅसेटसोबत १ मिलिमीटरची चकती आली असेल तर तीही घालावी लागते.

पार्सल आलं की लगेच टायर चढवू नका. आधी किराणा दुकानातल्या काट्यावर चाकं तोला. जाहिरातीतल्या वजनात रिमची पट्टी आणि क्विक रिलीजचे (चाक झटकन काढायच्या खटक्याचे) दांडे धरलेले नसतात, आणि फक्त दांड्यांची जोडीच ११०-१३० ग्रॅमची असते. मग चाक फोर्कमध्ये लावून फोर्कला एक प्लास्टिकचा टाय बांधा, त्याचं टोक रिमपर्यंत आणा आणि चाक फिरवा. अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त आउट दिसला तर परत करा. पुढचं चाक उलटं करून पुन्हा लावा. रिम दुसऱ्या बाजूला सरकली तर ते मध्यावर बांधलेलं नाही. शेवटी एका बाजूचे स्पोक नखाने छेडत जा, सगळ्यांचा आवाज सारखा आला पाहिजे. एखादा भद्द वाजला तर तो ढिला आहे. समांतर जाणाऱ्या स्पोकच्या जोड्या मुठीत धरून जोरात दाबा, कटकट आवाज येईल आणि पीळ मोकळा होईल. त्यानंतर आउट पुन्हा बघा, आणि १५० किलोमीटर झाल्यावर आणखी एकदा.