तुम्ही विचारलेत म्हणून: कोणीही बदलू शकेल अशा पानावर विसंबायचे कसे?

जावास्क्रिप्ट ही वेबपानांची प्रोग्रॅमिंग भाषा शिकवताना मी विद्यार्थ्यांना अडले की ‘एमडीएन वेब डॉक्स’ हा वेब-तंत्रांचा ऑनलाइन संदर्भग्रंथ उघडायला सांगतो. त्या पानांत जगभरचे स्वयंसेवक भर घालतात आणि मीही अधूनमधून दुरुस्त्या पाठवतो, हे कळले की दर वर्षी कोणीतरी विचारतेच, ‘सर, कोणीही बदलू शकेल अशा पानावर विसंबायचे कसे?’

बदल कोणीही सुचवू शकतो हे खरे, पण दुसऱ्या माणसाने वाचून त्याला तो पटल्याखेरीज तो पानावर चढत नाही. फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाने २००५ मध्ये नेटस्केप या जुन्या ब्राउझर-कंपनीच्या लिखाणाच्या आधारे हे काम सुरू केले, तेव्हापासून अनेक वर्षे ही पाने विकी होती. बदल आधी दिसे, तपासणी मागाहून होई. डिसेंबर २०२० मध्ये मजकूर गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर गेला आणि हा क्रम उलटा झाला. आता दुरुस्ती पुल रिक्वेस्ट म्हणून, म्हणजे बदल स्वीकारण्याची विनंती म्हणून येते. तुटलेले दुवे आणि मांडणीतील चुका यंत्र पकडते, आशय मात्र माणूसच वाचतो.

अ‍ॅरेच्या सॉर्टचे, म्हणजे यादीतील घटक क्रमाने लावणाऱ्या आज्ञेचे, पान पाहा. तुलना कशी करायची हे न सांगता १, ३०, ४, २१, १००००० या संख्या सॉर्टला दिल्या, तर १, १०००००, २१, ३०, ४ असा क्रम हाती येतो, कारण आधी संख्यांचे रूपांतर स्ट्रिंगमध्ये, म्हणजे नुसत्या अक्षरांच्या ओळींत, होते आणि मग त्या अक्षर-अक्षर ताडून लावल्या जातात. नवशिक्याला हा ब्राउझरचा दोष वाटतो. नेमके हेच उदाहरण त्या पानावर आहे, आणि ते ज्याने घातले त्याचे मला मनापासून कौतुक वाटते.

याच विषयावर मी एकदा एक वाक्य सुचवले होते, की समान ठरणाऱ्या घटकांचा मूळ क्रम सॉर्टमध्ये टिकून राहतो. तपासणाऱ्याने एवढेच विचारले, ‘कधीपासून?’ मी ते माझ्या संगणकावर चालवून पाहिले होते आणि तेवढ्यावरच लिहिले होते. शोध घेतला तेव्हा कळले, की ही हमी भाषेच्या प्रमाणकात २०१९ मध्ये आली आणि क्रोममध्ये ७० व्या आवृत्तीपूर्वी दहाहून अधिक घटक असले तर तो क्रम बिघडू शकत असे. माझे वाक्य चूक नव्हते, पण जुना ब्राउझर सांभाळणाऱ्याची त्याने फसगत केली असती. दोन ओळींसाठी तीन संध्याकाळी गेल्या, आणि त्या जायलाच हव्या होत्या असे माझे मत आहे.

हे सारे केवळ स्वयंसेवकांच्या बळावर चालते असे मात्र मी सांगणार नाही. ऑगस्ट २०२० मध्ये मोझिलाने मोठी नोकरकपात केली, तीत या पानांचे लेखकही गेले. जानेवारी २०२१ मध्ये ‘ओपन वेब डॉक्स’ ही संस्था उभी राहिली आणि देणग्यांतून पगारी लेखक नेमले गेले. रोजचा गाडा ओढणारी अशी माणसे नसती, तर आमच्या दुरुस्त्या वाचायला कोण बसले असते?

‘मग मराठीत का नाही?’ हा पुढचा प्रश्न. फ्रेंच, जपानी, कोरियन भाषांतरे टिकली, कारण मूळ पान बदलले की ती जुळवून घेणारी माणसे तिथे आहेत. मराठीसाठी अशी चार-पाच माणसे सलग दोन वर्षे बसणार असतील तरच आपण हात घालावा, कारण सॉर्टच्या पानाचे २०१८ मधले भाषांतर तसेच पडून राहिले असते, तर क्रमाची हमी नाही असेच ते आजही वाचणाऱ्याला सांगत राहिले असते.