धुराचे डबे कशाला जमवता? तुम्ही विचारलंत म्हणून

घरी कुणी आलं की बैठकीतल्या पत्र्याच्या कपाटातल्या जुन्या स्मोक डिटेक्टरांकडे, म्हणजे धूर ओळखून ओरडणाऱ्या डब्यांकडे, नजर जाते आणि प्रश्न येतो. नात्यातल्या बायका विचारतात, "दादा, हे धुराचे डबे कामून जमवले?" जालन्याच्या भंगारबाजारातले ओळखीचे व्यापारी म्हणतात, "भाऊ, ह्यात ना तांबं ना पितळ. तुम्हाला ह्यातून मिळतं काय?" आणि माझ्या हाताखाली काम शिकलेली पोरं विचारतात, की आपल्याकडे जी वस्तू कुणाच्या घरात लागलीच नाही, ती जुनी झाली म्हणून जपायची कशासाठी? तिघांना द्यायचं उत्तर एकच आहे, पण ते चहा पिता पिता सांगून होत नाही. म्हणून लिहितो.

मी आयुष्यभर फायर अलार्मचं काम केलं. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा इथले कारखाने, संभाजीनगरातली हॉटेलं, दवाखाने. पॅनेल बसवायचं, डिटेक्टर जोडणाऱ्या तारेचा लूप तपासायचा, एएमसीच्या म्हणजे वार्षिक देखभाल कराराच्या भेटीत शिडी लावून एकेक स्मोक डिटेक्टर पुसायचा. एखाद्या हॉटेलाचं नूतनीकरण निघालं की छतावरचे डिटेक्टर पोत्यात भरून भंगारात जात. त्यातला एखादा मी मागून घेऊ लागलो. पुढे परदेशातून परतलेल्या कुटुंबांच्या सामानात घरगुती डबे सापडले आणि खरा नाद तिथून लागला. कारखान्यातला डिटेक्टर फक्त धूर ओळखतो. पुढचं सगळं पॅनेल आणि हूटर, म्हणजे भोंगा, बघतात. घरगुती डबा मात्र एकटाच सगळं करतो. ओळखतोही तोच, ओरडतोही तोच, आणि बॅटरी उतरली की अधूनमधून टुक्‌ करून तेही तोच सांगतो. बशीएवढ्या डब्यात हे सगळं बसवायला माणसाला बरीच वर्षं लागली. ती वर्षं कपाटात एकापुढे एक मांडलेली दिसतात.

सुरुवात धुरासाठी झालीच नव्हती. 1930 च्या दशकाच्या अखेरीस स्वित्झर्लंडमध्ये वॉल्टर येगर नावाचा भौतिकशास्त्रज्ञ विषारी वायू ओळखणारं यंत्र करू पाहत होता. कल्पना अशी, की किरणोत्सर्गी पदार्थाने हवेत आयन तयार करायचे, त्यांचा बारीकसा विद्युतप्रवाह मोजत राहायचं. वायू आला की प्रवाह बदलेल. वायू आला, काटा हलला नाही. वैतागून त्याने सिगरेट पेटवली, आणि थोड्या वेळाने बघतो तर काटा खाली आलेला. वायूने जे झालं नाही ते धुराने झालं. धुराचे कण आयनांना चिकटतात, त्यांची चाल मंदावते आणि प्रवाह घटतो. आयन पद्धतीचे सगळे डिटेक्टर आजही याच तत्त्वावर चालतात. येगरचा सहकारी अर्न्स्ट मायली याने या क्षीण संकेतावर घंटा वाजवता येईल अशी खास वायू भरलेली नळी तयार केली आणि 1941 साली सेर्बेरस ही कंपनी उभी राहिली. पण ती यंत्रं महाग आणि अवजड, कारखान्यांनाच परवडणारी. घराघरात जायला आणखी तीसेक वर्षं लागली. अमेरिकेत कोलोरॅडोमधल्या ड्वेन पिअर्सॉल आणि स्टॅनली पीटरसन यांनी बॅटरीवर चालणारा स्वस्त डबा तयार केला आणि 1975 च्या सुमारास त्याचं मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू झालं. पिअर्सॉलचं मूळ काम स्थिर विद्युत आवरण्याचं. तिथेही सिगरेटच्या धुरानेच यंत्राचा काटा पडला, असं सांगतात. दोन देशांत, पंचवीसेक वर्षांच्या अंतराने, तोच काटा तसाच पडला. मला हे फार मोलाचं वाटतं. नको असलेल्या नोंदीकडे दुर्लक्ष न करणारी माणसं होती म्हणून हा डबा आहे.

आता एक वस्तू जवळून दाखवतो. अमेरिकेत नोकरी करून परतलेल्या एका डॉक्टर दांपत्याच्या ट्रंकेत 1970 च्या दशकातला असा एक डबा निघाला, मूळ खोक्यासकट. जेवणाच्या छोट्या ताटलीएवढा, मूळचा पांढरा आणि आता जुन्या पुस्तकाच्या पानासारखा पिवळट. समोर बारीक खाचा, मधोमध तपासणीचं बटण. पाठीमागच्या लेबलवर तीन पाकळ्यांचं किरणोत्सर्गाचं चिन्ह आणि खाली आतल्या किरणोत्सर्गी पदार्थाचं नाव आणि माप, अमेरिशियम-241, एक मायक्रोक्युरी, अशी नोंद. खोक्यात घडी घातलेली एक पुस्तिका होती. माझ्या सगळ्या संग्रहात मला सर्वांत प्रिय काय असेल तर ती पुस्तिका. डबा कसा लावायचा हे तिच्यात थोडक्यात आहे. बाकीची पानं सांगतात, की घराचा नकाशा काढा. प्रत्येक झोपण्याच्या खोलीतून बाहेर पडायच्या दोन वाटा दाखवा. बाहेर सगळ्यांनी जमायची एक जागा ठरवा. मुलांना घेऊन रात्री सराव करा. बाहेर पडलात की कशासाठीही परत आत जाऊ नका. त्या कुटुंबाने मागच्या कोऱ्या पानावर आपल्या घराचा नकाशा पेन्सिलने खरोखर काढला होता. दोन खोल्या, एक जिना, बाण, आणि अंगणातल्या झाडापाशी एक फुली.

तो डबा आता माझ्याकडे नाही. खोकं आणि पुस्तिका आहे, डब्याचे फोटो आणि मापं वहीत आहेत. आयन पद्धतीचा एकही डबा मी घरात ठेवत नाही, आणि हे स्पष्ट सांगायला हवं, कारण पुष्कळांना वाटतं की मी किरणोत्सर्गी वस्तू साठवतो. भारतात असे डिटेक्टर अणुऊर्जा नियामक मंडळाच्या मंजुरीने विकले जातात आणि काढल्यावर ते पुरवठादाराकडे परत जायला हवेत. मी तेच करतो. भंगारात दिसला की उचलतो, नोंद घेतो आणि ज्यांच्याकडे जायला हवा त्यांच्याकडे पाठवतो. कपाटात राहतात ते प्रकाशावर चालणारे, उष्णतेवर चालणारे, आणि बेस, खोकी, पुस्तिका, लेबलांचे फोटो.

अमेरिशियमबद्दल मात्र लिहिल्याशिवाय राहवत नाही. हे मूलद्रव्य 1944 साली ग्लेन सीबोर्ग आणि सहकाऱ्यांनी तयार केलं, युद्धामुळे ते गुप्त होतं. 11 नोव्हेंबर 1945 ला सीबोर्ग मुलांच्या एका रेडिओ कार्यक्रमात पाहुणे होते. एका मुलाने विचारलं, आणखी नवी मूलद्रव्यं सापडली का? त्यांनी सांगून टाकलं! शास्त्रज्ञांच्या सभेत जाहीर व्हायची गोष्ट एका पोराच्या प्रश्नामुळे आधी फुटली. अमेरिशियम-241 चं अर्धायुष्य, म्हणजे त्यातलं निम्मं विरायला लागणारा काळ, सुमारे 432 वर्षं. मलिक अंबरने 1610 साली खडकी वसवली, म्हणजे आजच्या संभाजीनगरची पायाभरणी केली. त्या दिवशी कुणी असा डबा छताला लावला असता तर आजही त्यातलं अर्ध्याहून जास्त अमेरिशियम शिल्लक असतं. आतली इलेक्ट्रॉनिक्स मात्र दहा वर्षांची धनी. म्हणून डबा निकामी होतो, त्यातला किरणोत्सर्गी स्रोत होत नाही.

छतावर असताना त्यापासून घरच्यांना भय नाही. त्यातून सुटणारे अल्फा कण हवेत काही सेंटिमीटर जातात, कागदाने अडतात. भय आहे ते फोडण्यात, जाळण्यात, श्वासावाटे आत जाण्यात. आणि आमचं जालना म्हणजे सळईचं गाव. देशभरातलं भंगार इथल्या भट्ट्यांत वितळतं. पोती उलटी करून हातोडीने प्लास्टिक फोडणारी माणसं मी रोज पाहिली आहेत, हातात मोजे नाहीत, तोंडाला फडकं नाही. दिल्लीच्या मायापुरीत 2010 साली भंगारात आलेल्या कोबाल्ट-60 या किरणोत्सर्गी पदार्थाने एकाचा जीव घेतला. त्याच्या दोन वर्षं आधी भारतातून गेलेल्या स्टीलची लिफ्टची बटणं फ्रान्समध्ये किरणोत्सर्गी निघाली होती. घरगुती डब्यातला कण त्यांच्यापुढे अगदीच किरकोळ, हे खरं. तरी लेबलावरचं ते तीन पाकळ्यांचं चिन्ह भंगारात काम करणाऱ्या प्रत्येकाला ओळखता यावं असं मला मनापासून वाटतं. माझ्या फोटोंच्या वहीचा सर्वांत जास्त उपयोग तिथेच झाला आहे. दोनतीन व्यापारी आता असा डबा दिसला की बाजूला काढून ठेवतात आणि मला फोन करतात.

आता पोरांचा प्रश्न. आपल्याकडे हा डबा आलाच नाही, हे बरोबर, आणि त्याला कारणंही होती. अमेरिकेतली घरं बहुतांशी लाकडाच्या सांगाड्याची. आपली माळवदं हातभर जाड पांढऱ्या मातीच्या भिंतींची. तुळया लाकडाच्या असल्या तरी वर मातीचा थर. चुलीचा धूर घरात रोजचाच, तुळया काळ्याभोर. अशा घरात धुराचा डबा लावला असता तर तो भाकरीच्या पहिल्या तव्यालाच ओरडला असता. आगीची धास्ती होती ती बाहेर, कडब्याच्या गंजीला, गोठ्याला, छपराला. आणि तिथे लागलेली आग गावाला दिसायची. हाक गेली की घागरी घेऊन गल्ली धावायची.

ते घर आता उरलं नाही. खाली दुकान, वर बिऱ्हाड. फोमच्या गाद्या, सोफे, प्लास्टिकचं फर्निचर, फॉल्स सीलिंग, जिन्याखाली इन्व्हर्टर, दारात चार्जिंगला लावलेली गाडी. चोरांच्या भीतीने खिडक्यांना, गॅलरीला जाळ्या. बाहेर पडायची वाट एकच, आणि तीही दुकानाच्या शटरजवळून. फोम जळतो तेव्हा काही मिनिटांत खोली काळ्या धुराने भरते. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नाही. झोपेत माणसाला धुराच्या वासाने जाग येईलच असं नाही. जाग येण्याआधी शुद्ध जाते.

31 डिसेंबर 2023 ला पहाटे वाळूजमध्ये हातमोज्यांच्या कारखान्याला आग लागली. आत झोपलेले सहा कामगार गेले. 3 एप्रिल 2024 ला पहाटे संभाजीनगरच्या छावणी भागात कपड्यांच्या दुकानाला आग लागली. वर राहणाऱ्या एकाच कुटुंबातली सात माणसं गेली, त्यात लहान मुलंही होती. ती गुदमरून गेली. ज्या शहरात मी हयात घालवली त्या शहरात हे झालं. या दोन्ही ठिकाणांवरून मी कित्येकदा गेलो असेन. डबा असता तर काय झालं असतं हे मी ठरवू शकत नाही आणि ठरवू नये. पण डॉक्टरांच्या ट्रंकेतली ती पुस्तिका मी त्यानंतर मराठीत उतरवून काढली, आपल्या घरांना लागू पडेल अशी, आणि जो कपाटापुढे उभा राहतो त्याच्या हातात देतो. तिच्यात पहिल्याच पानावर लिहिलंय, की जाळीला आतून उघडणारा दरवाजा ठेवा आणि त्याची किल्ली तिथेच टांगा.

पुढचा प्रश्न हमखास येतो, की मग आम्ही कोणता लावू? माझ्या कपाटातला तर एकही नाही. जुना डबा हा बघायचा, शिकायचा. तो वाजला तरी त्याच्या भरवशावर झोपू नका. नवा घ्या, प्रकाशावर चालणारा घ्या. माळवदाच्या झरोक्यातून आलेल्या तिरपेत धूळ चमकते ना, तसंच त्याच्या आतल्या काळ्या कप्प्यात होतं. एरवी प्रकाश सेन्सरपर्यंत पोचत नाही, धूर शिरला की कणांवरून विखुरतो आणि पोचतो. उघडी ज्वाला भडकली तर आयनवाला आधी ओळखतो, पण गादी, वायर, सोफा असं काही धुमसत असेल तर प्रकाशवाला आधी. झोपलेल्या घरात पुष्कळदा धुमसण्यापासून सुरुवात होते. झोपायच्या खोलीत आणि खोलीबाहेरच्या पॅसेजमध्ये, छताला लावा. स्वयंपाकघरात नको, तिथे हीट डिटेक्टर, म्हणजे उष्णतेवर चालणारा. फोडणीला, ठेच्याच्या मिरच्या भाजताना एकदा ओरडला की लोक बॅटरीच काढून ठेवतात, आणि परदेशातसुद्धा डबे न वाजण्याचं हे एक मोठं कारण आहे. महिन्यातून एकदा बटण दाबून बघा. आपल्याकडची धूळ आणि कोळी याच्या जिवावर उठलेले, म्हणून ब्रशने, व्हॅक्यूमने साफ करा. दहा वर्षांनी बदला. तारीख पाठीमागे छापलेली असते. आणि घरात म्हातारी माणसं असतील तर एवढं लक्षात घ्या, की नेहमीच्या डब्याची शिट्टी तीन हजार हर्ट्झच्या आसपास असते. कान उतरलेल्यांना ती झोपेत ऐकू येईलच असं नाही. त्यांच्यासाठी 520 हर्ट्झच्या खर्जातल्या आवाजाचे डबे असतात, ते शोधून घ्यावेत.

राहिला व्यापाऱ्यांचा प्रश्न, मिळतं काय? पैसा मिळत नाही, विकायचंही नाही. मागच्या वर्षी शेजारच्या मुलीने ती मराठी पुस्तिका नेली आणि आपल्या फ्लॅटचा नकाशा काढून आणला. मागच्या गॅलरीची जाळी पक्की वेल्ड केलेली, त्यामुळे तिला दुसरी वाट सापडेना. तिच्या वडिलांनी वेल्डर बोलावून जाळीला बिजागरी बसवून घेतली.

शोधात मी अजून आहेच. मायलीच्या नळीवर चालणारा जुना सेर्बेरस मी प्रत्यक्ष कधी पाहिलेला नाही. एखाद्या बंद पडलेल्या गिरणीच्या किंवा जुन्या टेलिफोन एक्स्चेंजच्या छताला तसलं काही लटकताना कुणाला दिसलं, तर हात लावू नका, उतरवू नका. खालूनच फोटो काढा, लेबल वाचता येईल असा, आणि मला दाखवा.