टेम्पोचे पैसे: इसार किती, बाकी कधी, आणि बेत बदलला तर काय

पुण्यात भाड्याचे घर बदलणाऱ्या बहुतेकांची तारीख एकच असते. अकरा महिन्यांचा करार ३० किंवा ३१ला संपतो आणि नवा १ तारखेला सुरू होतो. त्या दोन-तीन दिवसांत गाडी मिळणे अवघड, म्हणून गाडीवाला टोकन घेतल्याशिवाय तारीख धरून ठेवत नाही. पुढे होणारे बरेचसे वाद या टोकनातूनच निघतात, कारण ते पैसे कशाचे होते हे दोघांनीही बोलून घेतलेले नसते.

आपल्याकडे यासाठी शब्द आहेत आणि ते नीट वापरावेत. इसार म्हणजे सौदा पक्का केल्याची खूण. देणाऱ्याने सौदा मोडला तर इसार जातो, घेणाऱ्याने मोडला तर त्याने तो परत करायचा. उचल म्हणजे भाड्यातलाच काही भाग आधी दिलेला. काम झालेच नाही तर उचल परत मिळायला हवी, फार तर समोरच्याचा जो खरा खर्च झाला तो वजा करून. डिपॉझिट हे तिसरेच: नुकसान झाले नाही तर पूर्ण परत येणारी रक्कम. ‘टोकन’ या एका शब्दात हे तिन्ही अर्थ मावतात, आणि रद्द करायची वेळ आली की ज्याला जो सोयीचा तो अर्थ तो धरतो. म्हणून पैसे पाठवताना व्हॉट्सअ‍ॅपवर एक ओळ लिहा: ‘१,००० रुपये इसार, एकूण भाड्यातून वजा होणार.’ समोरून ‘ओके’ येऊ द्या, मगच पाठवा.

इसार किती असावा? शहरातल्या शहरात घर हलवायचे असेल तर एकूण रकमेच्या दहा टक्क्यांच्या आसपास पुरे. त्याहून जास्त मागणाऱ्याला कारण विचारा. बाहेरगावी जाणारी गाडी असेल तर गोष्ट वेगळी. नागपूर किंवा बंगळुरूला निघणाऱ्या गाडीच्या मालकाला डिझेल आणि टोलचे पैसे आधी घालावे लागतात, त्यामुळे सामान भरून झाल्यावर निम्मे मागणे रास्त आहे. सामान भरायच्या आधीच निम्मे मागणे मात्र रास्त नाही. गाडी दारात उभी राहीपर्यंत त्याचा खर्च झालेला असतो तो एका फोनचा आणि फार तर घर पाहायला मारलेल्या एका चकरेचा.

एक उदाहरण घेऊ. कोथरूडहून वाकडला दोन बेडरूमचे घर न्यायचे आहे. समजा १४ फुटी आयशर ट्रकचे भाडे ४,५०० ठरले, चार हमालांचे प्रत्येकी ९००प्रमाणे ३,६००, आणि खोकी, बबल, पॅकिंगचे २,४००. एकूण १०,५००. यात १,००० इसार, गाडी भरून दोर बांधल्यावर ४,०००, आणि शेवटचा नग घरात आल्यावर ५,५००. मधला हप्ता हमालांच्या मजुरीएवढा किंवा थोडा जास्त ठेवला की हमालांना आपले पैसे सुटल्याची खात्री वाटते आणि ते शेवटपर्यंत मन लावून काम करतात. शेवटचा हप्ता सगळ्यांत मोठा ठेवा. फ्रीज उतरवताना कडा लागली, पलंगाचे बोल्ट हरवले, तर बोलायला तुमच्या हातात काहीतरी राहते.

भाव ठरवताना भाडे, हमाली, पॅकिंग, टोल, कपाट-पलंग सोडणे-जोडणे हे वेगवेगळे लिहून घ्या. ‘सगळे मिळून दहा हजार’ हे ऐकायला बरे वाटते, पण त्या ‘सगळे’मध्ये काय येते हे उतरवायच्या वेळी बदलते. ऐनवेळी वाढणाऱ्या गोष्टी ठरलेल्या असतात. लिफ्ट बंद निघाली म्हणून मजल्यामागे जादा हमाली. ट्रक गल्लीत वळत नाही म्हणून छोटा हत्ती (लहान टेम्पो) आणून दोन फेऱ्या, ही तर पेठांमधली नेहमीची गोष्ट. सदाशिव किंवा नारायण पेठेतल्या बोळात १४ फुटी गाडी घालायची कल्पनाच सोडून द्या. गल्लीच्या तोंडाचा आणि जिन्याचा फोटो आधीच पाठवला की ‘आम्हाला सांगितले नव्हते’ म्हणायला जागा राहत नाही. सामानाचा व्हिडिओही पाठवा, माळ्यावरचे आणि गॅलरीतले धरून. कुंड्या आणि पुस्तके लोक हमखास विसरतात, आणि पुस्तकांची खोकी सगळ्यांत जड.

हॉल्टिंग, म्हणजे गाडी थांबवून ठेवल्याचे पैसे, हेही आधी विचारा. किती तास फुकट, पुढे तासाला किती, आणि रात्र पडली तर किती? पुण्यात हे फार लागते, कारण जुने घर ३१ला सोडायचे आणि नव्याची किल्ली १ला दुपारी मिळायची. मधली रात्र सामान गाडीतच. त्या रात्रीचा दर आधी ठरला नसेल तर सकाळी गाडीवाला जो सांगेल तो दर.

आता रद्द करण्याकडे येऊ. कोणी म्हणतो टोकन परत मिळत नाही, कोणी म्हणतो पूर्ण परत मिळायलाच हवे. दोन्ही टोके चुकीची आहेत. समोरच्याचे खरे नुकसान किती झाले हे पाहा, आकडा आपोआप सापडतो. चार दिवस आधी कळवले तर त्याला त्या तारखेचे दुसरे भाडे मिळू शकते, महिनाअखेर असेल तर नक्कीच मिळते. मग कापायचे कशाचे? आदल्या संध्याकाळी कळवले तर दुसरे भाडे मिळणे कठीण आणि हमालही सांगून ठेवलेले, तेव्हा इसार गेला हे मान्य करावे. गाडी दारात आल्यावर नाही म्हटले तर इसार जाईलच, वर जाण्यायेण्याचे डिझेल आणि हमालांची निम्मी मजुरी देणे योग्य. त्या माणसांचा दिवस गेलेला असतो.

भारतीय करार कायदा, १८७२ याचे कलम ७४ हेच सांगते: करारात दंडाचा आकडा लिहिलेला असला तरी मिळते ती वाजवी भरपाई, लिहिलेला आकडा ही फक्त कमाल मर्यादा. त्यामुळे ‘रद्द केल्यास ५० टक्के कापले जातील’ असे पावतीमागे छापले म्हणून ते आपोआप वसूल होत नाही. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानेही ‘अन्यायकारक करार’ म्हणजे काय ते सांगितले आहे. अवाजवी डिपॉझिट आणि नुकसानीच्या मानाने फार मोठा दंड हे दोन्ही त्यात येतात.

तारीख बदलणे आणि रद्द करणे यांत फरक ठेवा. पुण्यात बेत फसतो तो बहुधा दुसऱ्यामुळे: आधीचा भाडेकरू निघाला नाही, बिल्डरने किल्ली दिली नाही, रंगकाम लांबले. अशा वेळी ‘रद्द’ हा शब्दच काढू नका. ‘तारीख पुढे ढकलायची आहे, इसार तसाच पुढे चालवा’ म्हणा. बहुतेक गाडीवाले एकदा तरी मानतात, कारण भाडे हातचे जात नाही. नवी तारीख महिन्याच्या मध्यातली किंवा पितृपक्षातली असेल तर जास्तच खुशीने, कारण पितृपक्षात नव्या घरात कोणी जात नाही आणि गाड्या रिकाम्या असतात. उलट दसरा, पाडवा, अक्षय्य तृतीया या दिवशी सूट मागू नका. पालखीचा मुक्काम आणि अनंत चतुर्दशी या दिवशी मध्यवर्ती रस्ते बंद असतात. त्या तारखा दोघांनाही आधीपासून माहीत असतात, म्हणून त्या दिवसाचे बुकिंग करताना गाडी कोणत्या रस्त्याने आणि किती वाजता येणार हे लिहून घ्या.

आणि गाडीवाल्यानेच रद्द केले तर? हे कोणी विचारत नाही. त्याच मेसेजमध्ये ही ओळही हवी. चालेल असा एक नमुना:

‘३० तारीख, सकाळी ८. कोथरूड तिसरा मजला ते वाकड सातवा मजला, दोन्हीकडे लिफ्ट. १४ फुटी गाडी, चार माणसे. एकूण १०,५००, टोल व जोडणी धरून. इसार १,०००, भरल्यावर ४,०००, उतरवल्यावर ५,५००. ४८ तास आधी रद्द केल्यास इसार परत, नंतर केल्यास इसार जाईल. गाडी १० वाजेपर्यंत आली नाही तर इसार परत आणि मला दुसरी गाडी करायची मोकळीक.’

एवढे लिहायला पाच मिनिटे लागतात.

पैसे पाठवताना यूपीआयवर दिसणारे नाव आणि पावतीवरचे नाव जुळते का पाहा. जुळत नसेल तर विचारा. परताव्यासाठी ‘पिन टाका’ किंवा ‘हा क्यूआर स्कॅन करा’ असे कोणी सांगितले तर तिथेच फोन ठेवा, कारण पैसे घ्यायला पिन लागत नाही. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा. ‘पैसे आलेच नाहीत, पुन्हा टाका’ असे म्हटले तर १२ अंकी संदर्भ क्रमांक पाठवा आणि थांबा. खात्यातून गेलेले पण पोहोचलेच नसलेले यूपीआयचे पैसे व्यक्तीच्या खात्यासाठी दुसऱ्या दिवसापर्यंत आणि दुकानदारासाठी पाच दिवसांत परत यावेत, उशीर झाल्यास दिवसाला १०० रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा २०१९पासूनचा नियम आहे.

गाडीचा क्रमांक आदल्या दिवशी मागून एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपवर टाका. पाटी पिवळी हवी, वर्ग मालवाहू हवा, विमा आणि फिटनेस चालू हवे. पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने सामान नेत असेल आणि वाटेत काही झाले तर विम्याचा दावा अडकतो.

अ‍ॅपवरून छोटा हत्ती किंवा पिकअप मागवल्यास सुरुवातीचा आकडा अंदाज असतो. चढ-उताराची मोफत वेळ संपली की मिनिटांचे पैसे सुरू होतात, वाटेत दुसरीकडे थांबले तरी वाढतात. चालक कधी म्हणतो, ‘ट्रिप कॅन्सल करा, मला रोख द्या.’ करू नका. रद्दची नोंद तुमच्या नावावर पडते, आणि सामान हरवले तर ती फेरी झाल्याचाच पुरावा उरत नाही.

सगळ्यांत वाईट क्षण येतो नव्या घराच्या गेटवर. गाडी उभी आहे, दोर अजून सुटलेला नाही, आणि चालक म्हणतो, ‘तीन हजार जादा लागतील, मग फाळका उघडतो.’ घरात म्हातारी माणसे आणि लहान मुले खोळंबलेली असतात, म्हणून लोक देऊन टाकतात. आधी स्वतः प्रामाणिकपणे पाहा: ठरलेल्या यादीबाहेर दहा खोकी वाढली असतील तर त्यांचे पैसे द्या. वाढले नसेल तर चालकाशी हुज्जत घालू नका, त्याला बहुधा तसे सांगून पाठवलेले असते. मालकाला फोन लावा, तो मेसेज पुन्हा पाठवा, ‘ठरलेली बाकी उतरवल्याबरोबर लगेच देतो’ असे लिहा आणि गाडीचा, पाटीचा व्हिडिओ घ्या. धमकी आली तर ११२. परराज्यात जाणाऱ्या गाडीसाठी मध्येच ‘ई-वे बिलाचे’ (जीएसटीखालच्या मालवाहतूक परवान्याचे) पैसे मागतात, तेही देऊ नका: वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिल लागत नाही. उतरवायच्या जागी अनोळखी टोळके येऊन वाराई, म्हणजे सामान उतरवायचे पैसे, मागू लागले तरी तेच. घरचे सामान स्वतः किंवा आपल्या माणसांकडून उतरवायला कोणी अडवू शकत नाही.

सोसायटीचे डिपॉझिट वेगळे असते. बाणेर, खराडी, हिंजवडीकडच्या मोठ्या सोसायट्यांत लिफ्टसाठी ते घेतात. चेक किंवा यूपीआयने भरा, पावतीवर ‘परतावा’ लिहून घ्या, आणि सामान चढवण्यापूर्वी लिफ्टच्या आतल्या चारही बाजूंचे फोटो काढा. जुना ओरखडा तुमच्या नावावर टाकला जातो तो फोटो नसल्यामुळे.

जीएसटीबद्दल थोडक्यात. १०,५००वर १८ टक्के म्हणजे १,८९० रुपये. ते मागणाऱ्याच्या बिलावर १५ अक्षर-अंकांचा क्रमांक असलाच पाहिजे, महाराष्ट्रातली नोंदणी असेल तर तो २७ने सुरू होतो. जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकला की मालकाचे नाव फुकट दिसते. क्रमांक नसेल तर तो कर नाही.

‘तीन टक्के विमा’ हा याहून मोठा घोळ. चार लाखांच्या सामानावर तीन टक्के म्हणजे १२,०००, वरच्या उदाहरणातल्या पूर्ण कामापेक्षा जास्त. विमा कंपनीचे नाव आणि प्रमाणपत्राचा क्रमांक मिळाला तरच तो विमा. नाहीतर ते गाडीवाल्याचे तोंडी आश्वासन. लांबच्या प्रवासात बिल्टीवर, म्हणजे माल पाठवल्याच्या पावतीवर, सामानाची किंमत जरूर लिहा. रस्ते मालवाहतूक कायदा, २००७ आणि त्याखालच्या नियमांनुसार, जास्त किंमत जाहीर केली नसेल तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहा पटींपर्यंतच असते. २८,००० भाडे असेल तर २,८०,००० रुपये, सामान कितीही किमतीचे असो.

इसार किंवा डिपॉझिट अडकले तर आधी लेखी मागा आणि सात दिवसांची मुदत द्या. मग १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार. तिथे न मिटल्यास जिल्हा ग्राहक आयोग, जिथे पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या प्रकरणाला शुल्क नाही. सोबत मेसेजचे स्क्रीनशॉट, यूपीआयचा संदर्भ क्रमांक आणि गाडीचा फोटो जोडा. सामान हरवले किंवा फुटले असेल तर वाहतूकदाराला लेखी नोटीस १८० दिवसांत जायला हवी, आणि हे दिवस बुकिंगच्या तारखेपासून मोजतात, सामान पोहोचल्याच्या तारखेपासून नाही.