जे ४६ किलो मी विकत घेतलेच नव्हते

नगरला आमचे लोखंड आणि सिमेंटचे दुकान आहे. वडिलांनी सुरू केले, आता मी चालवतो. गल्ल्याच्या वर भिंतीवर येशूचा वधस्तंभ आहे, रविवारी आम्ही सहकुटुंब उपासनेला जातो, आणि धंद्यात आपण कोणाला फसवत नाही अशी माझी पक्की समजूत होती. दोन वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाच्या साध्या प्रश्नाने ती मोडली.

एसटीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ गावी घर बांधत होते. त्यांनी माझ्याकडून १२ एमएमच्या शंभर सळया नेल्या. बिल १,०६६ किलोचे होते. गावाच्या वाटेवर त्यांनी ट्रॅक्टरची ट्रॉली वजनकाट्यावर घातली, तर माल १,०२० किलो भरला. दुसऱ्या दिवशी ते दोन्ही पावत्या घेऊन आले, माझ्यासमोर टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या आणि शांतपणे म्हणाले, "भाऊ, सळया मोजून शंभर भरल्या. मग लोखंड गेलं कुठं?"

उत्तर मला ठाऊक होते. बांधकामाची टीएमटी सळई साधारणपणे १२ मीटर लांबीची येते, आणि मिलिमीटरमधल्या व्यासाच्या वर्गाला १६२ ने भागले की एका मीटरचे वजन किलोत मिळते. त्या हिशेबाने १२ एमएमची एक सळई १०.६६ किलोची होते. प्रत्यक्षात ती थोडी हलकी असू शकते, आणि आयएस १७८६ या भारतीय मानकाची तशी मुभाही आहे: १० एमएमपर्यंत सात टक्के, त्यापुढे १६ एमएमपर्यंत पाच आणि त्याहून जाड सळईला तीन टक्के. म्हणजे माल खोटा नव्हता. पण आम्ही तो घाऊक व्यापाऱ्याकडून काट्यावर तोलून घ्यायचो आणि विकताना मात्र सळया मोजून, भिंतीवरच्या तक्त्यातल्या वजनाने गुणून बिल करायचो. जे ४६ किलो लोखंड मी कधी विकत घेतलेच नव्हते, ते मी त्या माणसाला विकले होते. किलोला साठ रुपये धरले तरी ते २,७६० रुपये होतात.

"बाजाराची रीतच आहे, काका," एवढेच मी बोलू शकलो. त्यावर ते काही बोलले नाहीत, आणि त्यांच्या त्या गप्प राहण्यानेच मला रात्रभर झोप लागू दिली नाही.

बायबलमधल्या लेवीयच्या पुस्तकाचा १९ वा अध्याय मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करण्याची आज्ञा, जी पुढे प्रभू येशूने सर्वांत मोठ्या दोन आज्ञांमध्ये धरली, ती याच अध्यायाच्या १८ व्या वचनात आहे. त्याच अध्यायाच्या शेवटी, ३५ आणि ३६ या वचनांत, तागडी, वजने आणि मापे खरी ठेवण्याची आज्ञा आहे. मी पहिली आज्ञा मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, ऐकायचो आणि दुसरी वैधमापनशास्त्र विभागाच्या निरीक्षकावर सोपवायचो. निरीक्षक येऊन आमच्या काट्याची पडताळणी करून जात असे, आणि काटा खरोखरच अचूक होता. फक्त त्यावर माल चढवण्याचे काम आम्ही करत नव्हतो. पिशवीत दोन वजने बाळगू नको, असे बायबलच्याच 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात सांगितले आहे. माझी दोन वजने म्हणजे खरेदीचा काटा आणि विक्रीचा तक्ता.

त्या आठवड्यात मी तक्ता उतरवला. आता प्रत्येक बंडल गिऱ्हाइकासमोर तोलले जाते आणि काट्याची चिठ्ठी बिलाला जोडली जाते. याची किंमत मोजावी लागली, आणि ती सांगितली पाहिजे, कारण प्रामाणिकपणाने धंदा आपोआप वाढतो असे जे मंडळीत कधी कधी सांगितले जाते, ते माझ्या अनुभवाला उतरलेले नाही. तक्त्याने विकणारा ५८ रुपये भाव सांगतो, मी तोलून ६० सांगतो. वर सांगितलेल्याच मालाचा हिशेब केला तर त्याचा खरा भाव साठच्या वर जातो, पण फोनवर भाव विचारणाऱ्याला ५८ आणि ६० एवढेच ऐकू येते. पहिल्या वर्षात चार ठेकेदार तुटले. दुसरीकडे, आमच्याच रस्त्यावरचे एक मुसलमान व्यापारी माझ्या कितीतरी आधीपासून प्रत्येक सळई तोलून देत होते, आणि मी ते रोज पाहत होतो. खऱ्या तागडीवर ख्रिस्ती माणसाचा मक्ता नाही, पण त्याच्याकडे ती नसेल तर त्याला सबब कोणती उरते?

लेवीयच्या त्याच अध्यायाचे १३ वे वचन मजुराची मजुरी रात्रभर आपल्याकडे ठेवू नये असे सांगते. आमच्या हमालांचा हिशेब शनिवारी व्हायचा आणि वसुली अडली की सोमवारवर जायचा. आता रोज संध्याकाळी गाडी रिकामी झाली की टनामागचे पैसे हातात पडतात. बांधणीची तार पुरवणारा एक लहान कारखानदार आहे, त्याचे पैसेही आम्ही ४५ दिवसांच्या आत देतो. सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठी तो २००६ चा कायदाच आहे, पण कायदा असतानाही मी त्याला तीन-तीन महिने थांबवले होते.

त्या काकांचे २,७६० रुपये मी घरी जाऊन परत केले. लूकच्या शुभवर्तमानातल्या जक्कय नावाच्या जकातदाराने, कोणाचे फसवून घेतले असेल तर ते चौपट परत देण्याचे कबूल केले होते. मी एकपटच दिले. मग जुनी बिले काढायला बसलो. ठेकेदारांच्या नावावरची बिले बाजूला ठेवली, कारण त्या सळया कोणाच्या घरात गेल्या हे त्यावरून कळत नाही. थेट घरमालकांना विकलेला माल तेवढा निवडला, आणि जिथे खरेदीचे वजन वहीत सापडले तिथे फरक काढला. अशी एकतीस घरे निघाली. एकोणीस जणांना पैसे पोहोचले आहेत. एका आजींनी पैसे घेतले नाहीत, "स्लॅब टाकून सहा वर्षं झाली, आता कसला हिशोब," म्हणाल्या आणि चहा केला. त्यांचे पाकीट अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. येत्या रविवारी उपासना झाल्यावर पाथर्डीकडच्या दोन गावांना जायचे आहे.